डबीवरचं नाव

हिंगोली, कार्तिक वद्य ५, सन १९३७

अक्का,

पाया पडतो. माझं अक्षर बघून कागद चुलीत जाईल, म्हणून लिफाफ्यावर खाजा मियांचं नाव घातलंय. मियां, तुमाला सलाम. जवळा बाजारच्या शाळेत तुमी इतकी वर्षं लेकरं शिकवली, आता एका बाईला तिच्या भावाचं पत्र वाचून दाखवायची तकलीफ देऊन राहिलो. माफी असावी.

अक्का, तू हिंगोली सोडून दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत म्या पत्र घातलं न्हाई, ते आत्ताच काहून, असं तू विचारशील. तुला गुलाबचंदशेठच्या वकिलाची नोटीस आली असंल. मियांनी वाचली असंल, तरी सोप्या बोलीत सांगतो. 'अनुसयाबाईचा मलम' हे नाव अन् डबीवरचा तुझा फोटो, दोन्ही शेठनी रजिस्ट्री कचेरीत आपल्या दुकानाच्या नावानं नोंदवलेत. म्हणून तू जवळ्यात बसून त्या नावानं मलम विकायचा न्हाई. विकलास तर दावा लागंल.

तुझंच नाव तुला वापरता येऊ नये हे मला बी विचित्र वाटतं. पण कायदा तसाच हाय म्हणतात.

तू रागानं उत्तर देऊ नको. वकिलाकडं जाऊ नको. तुझ्या डबीवर दुसरं काही लिही, राळेचा मलम लिही, आईचा मलम लिही. माल तर तोच राहील. आई आपल्या धनगरवाड्यात मेंढक्यांच्या पायाच्या भेगांना हा मलम द्यायची, तवा त्याला कुठं नाव होतं? राळ कुटायची, तिळाच्या तेलात कढवायची, अन् काशाच्या परातीत पाणी घालून शंभरदा धुवायची. लोण्यासारखा पांढरा झाला की पळसाच्या पानात बांधून द्यायची. नाव म्या दिलं. डब्या म्या आणल्या. तू नको नको म्हणत होतीस, तरी स्टेशनाजवळच्या फोटोवाल्यापुढं तुला म्याच बसवलं, अन् त्या फोटोची डबीवर चिकटवायची चिठ्ठी अकोल्याहून छापून आणली. एवढं तू बी कबूल करशील.

नोटिशीत एका कागदाचं लिहिलंय. तुझ्या अंगठ्याचा कागद. नाव, फोटो अन् मलम करायची रीत तू राजीखुशीनं मला दिलीस, अन् माझ्याकडून ती शेठकडं गेली, असं त्यात हाय. तो अंगठा तू मुदतीच्या तापातून उठल्यावर दिला होतास. अंगात ताकद नव्हती, तुला आठवत नसंल. पुढं तुझ्या कानावर आलं की मी शेठच्या दुकानात बसून मलम करून राहिलो, त्यावरून आपलं वाजलं, अन् तू परात उचलून सासरच्या गावी गेलीस. कागदाचं सांगायचं त्या भांडणात राहून गेलं.

थंडी पडून राहिली. छाती जप.

भुजंग


हिंगोली, मार्गशीर्ष शुद्ध ९

अक्का,

तुझं पत्र पोचलं. मियांचं अक्षर सुरेख, पण आत एकच ओळ. 'अंगठा मी कवा दिला, कुणासमोर दिला, ते लिही.'

घरात दिलास. महिना भादवा असंल. साक्षीदारांच्या सह्या कागदावर हाएत. आता हे सगळं उकरून काय मिळणार?

तू नाव बदललं न्हाईस. उलट भरबाजारात सांगितलंस म्हणे की माझं नाव माझ्या आईनं ठेवलंय, ते काढायचं तर तिला विचारा. लोक हसले असतील, पण हे बोलणं इथं दुकानापर्यंत पोचलं. आता शेठनी मुन्सफ कोर्टात दावा लावलाय. पौषात तारीख हाय.

आणखी एक. दुकानाच्या मलमाला रंगाचा वास येतो असं तू गिऱ्हाइकांना सांगतीस. अक्का, तसं बोलू नको. दुकानाची बदनामी केली म्हणून त्याचा बी वेगळा दावा होतो, शेठच्या वकिलानं मला कायदा वाचून दाखवला. अन् मलम तोच हाय. मी स्वतः धुतो. शंभरदा.

शेठ वाईट माणूस न्हाई. माझ्याशी आवाज चढवून कधी बोलला न्हाई. त्यानं तुझं नाव केवढं केलंय ते तू बघितलं न्हाईस. रेल्वेनं पूर्णेपर्यंत अन् तिथून नांदेडला डब्या जातात. वारंग्याच्या फाट्यावर गाडीवान बैल सोडतात, तिथल्या टपरीत बी तुझा फोटो चिकटवलाय. मागच्या महिन्यात वसुलीला गेलतो तर चहा पिताना तूच समोर. म्या दुसऱ्या बाजूला तोंड करून बसलो.

कोर्टात शेठचा पहिला साक्षीदार मी हाय. तुझ्यासमोर उभं राहून बोलावं लागंल. तू नाव सोडलंस तर ती वेळ येणार न्हाई. तेवढ्यासाठी लिहून राहिलो.

भुजंग


हिंगोली, पौष शुद्ध ४

अक्का,

घाईत लिहितो. इथं एक प्रकार झालाय.

मलिका चुडीवाली तुला ठाऊक हाय, जमीलची बायको. अर्ध्या हिंगोलीच्या बायांच्या हातात ती बांगड्या भरते. दिवाळीनंतर तिच्या उजव्या हातावर उकळतं तेल सांडलं. तिनं आपल्या दुकानातून डबी नेली. रोज जाड थर लावून वर फडकं बांधायची. जखम भरेना, तशी तिनं दुसरी डबी नेली, मग तिसरी. शेवटी ताप चढला तवा जमीलनं दवाखान्यात नेलं. दोन बोटं सडली होती, ती कापावी लागली. करंगळी अन् तिच्या शेजारचं.

डॉक्टरनं डबी उघडून बोटावर घेतलं अन् चोळून बघितलं. जमीलला म्हणला, हा मलम न्हाई, दाराला लावायचा रंग हाय.

जमीलनं ठाण्यात फिर्याद दिली. गावात डब्या परत येऊन राहिल्या. लोक दुकानासमोर टाकून जातात. रस्त्यात सगळीकडं तुझा चेहरा पडलाय.

ठाण्याचे अमीनसाहेब चौकशीला निघालेत. तुझा पत्ता त्यायला कुणी दिला मला ठाऊक न्हाई. डबीवर नाव तुझं, फोटो तुझा, म्हणून ते आधी तुझ्याकडंच येतील. तू चार दिवस कळमनुरीला मावशीकडं जाऊन राहा. घरी परात, कढई ठेवू नको. अन् तिथं कुणी विचारलं तर मलम करायचं मी कवाच सोडलं, असं सांग.

मियां, हे पत्र वाचून झाल्यावर जाळा.

भुजंग


हिंगोली, पौष वद्य ११

अक्का,

तुला ठाण्यावर आणलं होतं हे मला काल कळलं. मी गावात नव्हतो, दुकानाच्या कामानं बसमतला गेलतो. असतो तर आलोच असतो.

तुझी परात सील करून नेली, जवळ्यात लोकांनी तुझ्या दारात डब्या फेकल्या, ज्या बाया तुझ्याकडं लेकरं घेऊन यायच्या त्या आता तुझ्या ओट्यावर चढत न्हाईत, हे सगळं ऐकलं. लई वाईट वाटलं. थोड्या दिवसांनी लोक विसरतील.

मियां स्वतः तुझ्या घरची एक डबी घेऊन ठाण्यात आले, अन् डॉक्टरनं दोन्ही मलम शेजारी ठेवून बघितले म्हणून तुला सोडलं, असं समजलं. मियांचे उपकार हाएत. पण डॉक्टरनं लिहून दिलेला तो कागद आता कोर्टात जाणार, अन् शेठच्या दुकानाला त्यानं लई अडचण होईल. तुझ्या वकिलानं तो दाखल करू नये असं तू सांगितलंस तर शेठ दावा मागं घ्यायला राजी होतील. म्या विचारून बघितलंय.

तू काही उत्तर देईना म्हणून काळजी वाटते.

भुजंग


हिंगोली, माघ शुद्ध ३

अक्का,

तुझं उत्तर आलं न्हाई, मियांचं आलं. त्यायनी स्वतःच्या मनानं लिहिलंय. त्यात त्यायनी मला एक शब्द वाईट लिहिला न्हाई. फक्त एवढं लिहिलंय, की ठाण्याच्या ओसरीवर तू दोन दिवस बसली होतीस, अन् जो ओळखीचा दिसला त्याला विचारत होतीस, आमचा भुजंग बरा हाय का, त्याला तर कुणी धरलं न्हाई ना?

ते वाचल्यापासून मला भाकर गिळेना. म्हणून हे पत्र.

मियां, हे मोठ्यानं वाचा. काही गाळू नका. आजवर म्या जे लिहिलं, त्यात एक कान तुमचा हाय हे धरून लिहिलं. तुमच्यासमोर माझी इज्जत जाऊ नये असं वाटायचं. आता ती जाऊ द्या.

मी बसमतला गेलो नव्हतो. दुकानातच होतो. दुकानातून ठाण्याची ओसरी दिसते. तू खांबाला डोकं टेकून बसलेली मला दिसत होतीस. पहिल्या दिवशी दुपारी तू उठून रस्त्याकडं बघितलंस, तवा म्या दुकानाची एक फळी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी ती उघडलीच न्हाई.

तुझा पत्ता अमीनसाहेबांना म्याच दिला. त्यायनी विचारलं, ही अनुसयाबाई कोण. म्या म्हणलं, जवळा बाजारला राहते, मलम तिचाच हाय.

मलमात सफेदा होता, सुताराकडं दाराच्या रंगात कालवतात तोच. शेठ म्हणले होते, धुण्यात दोन दिवस जातात, मागणी वाढली, काही जवळचा रस्ता काढ. रस्ता काय ते त्यायनी सांगितलं न्हाई. सफेदा म्या आणला, कालवला बी म्याच. एकदम पांढरा झाला. शेठनी येऊन बघितलं, वास घेतला, अन् गप गेले. म्या मनाला समजावलं की वरूनच लावायचंय, खायचं थोडंच हाय. मलिका पहिली डबी घ्यायला आली तवा मीच दुकानात होतो. ती म्हणली, दुसरी दवा न्हाई घेत, हिच्यावर बाईचा चेहरा हाय. म्या डबी तिच्या हातात दिली. दुसरी दिली. तिसरी दिली तवा तिच्या फडक्याला वास येत होता, तरी दिली.

आता अंगठ्याचं. तू विचारलं होतंस, कवा अन् कुणासमोर.

तापाचा एकोणिसावा दिवस होता. वैद्य सांगून गेला होता की आजची रात निघाली तर बरं. तू बडबडत होतीस, मला आई म्हणत होतीस. कागद आधीच लिहून आणला होता. मला वाटलं, तू गेलीस तर तुझे सासरचे येतील, मलमावर हक्क सांगतील, अन् सगळं उभं म्या केलेलं त्यायच्या हातात जाईल. तेवढंच वाटलं असं बी न्हाई. शेठनी दुकानात भागी देऊ केली होती, अन् तू दोनदा न्हाई म्हणली होतीस. म्या तुझा हात पांघरुणातून काढला. तो तव्यासारखा तापला होता. शाई लावली, अंगठा धरला, दाबला. तू डोळे उघडून बघितलंस अन् पाणी मागितलंस. म्या आधी शाई पुसली, मग पाणी दिलं.

कुणासमोर न्हाई. साक्षीदारांनी चार दिवसांनी दुकानात बसून सह्या केल्या.

आई गेली तवा मी सात वर्षांचा होतो. तू मला वाढवलंस. हे लिहून तुझ्यावर भार टाकायचा न्हाई, पण हे सोडून बाकीचं लिहिणं बी खोटं होईल.

कोर्टाची पौषातली तारीख पुढं ढकलून आता फाल्गुनात गेलीय. मी शेठचा साक्षीदार म्हणून उभा राहीन अन् जे इथं लिहिलं तेच बोलीन. उद्या शेठला तसं सांगणार हाय.

भुजंग


हिंगोली, फाल्गुन वद्य ६

अक्का,

कोर्टात तू माझ्याकडं बघितलं न्हाईस. ते बराबरच हाय. निकाल तुला तुझ्या वकिलानं समजावला असंल, पण आतली गोष्ट तुला ठाऊक न्हाई.

म्या शेठला सगळं सांगितलं, तवा ते गादीवरून उठले न्हाईत. डोळ्यांवरचा चष्मा काढून खाली ठेवला. मग म्हणले, "कागद आणलास तवा म्या तुला विचारलं होतं, बाईनं राजीखुशीनं दिला का. तू काय म्हणला होतास?"

म्या म्हणलं, "व्हय म्हणलो होतो."

"त्या एका शब्दावर म्या नोटीस काढली," ते म्हणले. "एका बाईला तिचं नाव सोडायला लावून राहिलो होतो, अन् मला वाटत होतं कायदा माझ्या बाजूनं हाय."

सफेद्याचं म्या काढलं तवा मात्र त्यायनी मान खाली घातली. ते मला ठाऊक होतं, असं ते म्हणले न्हाईत, अन् ठाऊक नव्हतं असं बी म्हणले न्हाईत.

दुसऱ्या दिवशी त्यायनी आपला वकील तुझ्या वकिलाकडं पाठवला. मी साक्षीला उभा राहायच्या आतच राजीनामा झाला. म्हणजे दोघांच्या संमतीनं वाद मिटला. दुकानाची नोंद रद्द, तुझं नाव अन् फोटो तुला परत, मलिकाच्या औषधपाण्याचा अन् पोटापाण्याचा भार शेठवर. जमीलनं ते कबूल केलं. मिलावटीबद्दल दुकानाला दंड झाला, मला बी झाला. अन् सात बाजारांत दवंडी द्यायची, की गुलाबचंद यांच्या दुकानातून विकलेला मलम जवळा बाजारच्या अनुसयाबाईचा नव्हता, त्यात तिचा काही दोष न्हाई. डबी म्या घरोघर पोचवली होती, लोक मला ओळखतात, म्हणून दवंडीबरोबर मी जायचं असं ठरलं. तू त्याला हो म्हणलीस असं ऐकलं.

कागदाबद्दल राजीनाम्यात एवढंच हाय, की सदर कागद रद्द समजावा. तो कसा झाला ते मुन्सफसाहेबांनी विचारलं न्हाई, अन् कुणी सांगितलं न्हाई. मी बाहेर बाकावर बसलो होतो. शिपाई येऊन म्हणला, तुमची साक्ष लागत न्हाई, जा.

अक्का, मला लई हलकं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं. बाहेर येऊन म्या पोटभर जेवलो. कितीतरी दिवसांनी.

दुकान सुटलं. सध्या कापसाच्या जिनात हमालीला जातो. दवंडी चैत्रात.

भुजंग


हिंगोली, चैत्र वद्य ९, सन १९३८

अक्का,

परवा जवळ्याच्या बाजारात जे झालं ते तू बघितलंस. त्याच्या आधीचं तू बघितलं न्हाईस, ते सांगायचंय.

हलगी वाजवायला सटवाजी होता. म्हातारा माणूस हाय, पण आवाज अजून खणखणीत. पहिली दवंडी हिंगोलीला झाली. त्यानं हलगी वाजवली, हुकूम पुकारला, अन् मग म्या तोंडानं सांगितलं, की बायांनो, बापूहो, तो मलम माझ्या बहिणीचा नव्हता. तिनं त्याला हात लावला न्हाई. वाटलं, आता कुणी तरी दगड उचलंल. मलिका चुडीवाली गर्दीत होती. हात पदराखाली होता. ती ऐकून घेऊन निघून गेली.

लोकांनी दगड उचलला न्हाई. एक म्हातारा पुढं आला अन् माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणला, शेठच्या विरोधात बोलायला छाती लागते. बहिणीसाठी नोकरी सोडली पोरानं.

म्या त्याला काही म्हणलं न्हाई.

मग कळमनुरी, वारंगा, बसमत, औंढा, सेनगाव. जिथं गेलो तिथं तसंच. माझ्या आधी बातमी पोचायची, अन् प्रत्येक ठिकाणी ती थोडी वाढलेली असायची. कळमनुरीला एका बाईनं मला सावलीत बसवून ताक दिलं अन् आपल्या लेकाला म्हणली, बघ, भाऊ असा असावा. बसमतला कुणी तरी सांगत होतं की शेठनं मला लालूच दाखवली पण मी बधलो न्हाई. सेनगावला तर म्या स्वतःच भर घातली. कुणी विचारलं, शेठनं तुमच्या बहिणीचा अंगठा फसवून घेतला का? म्या मान हलवली. नुसती मान हलवली, शब्द बोललो न्हाई. पण ती हलवली.

सहा बाजार झाले. सहाव्या बाजारानंतर रात्रीला मला चांगली झोप लागली, अक्का. लोकांनी इतक्यांदा सांगितलं की मला बी खरं वाटायला लागलं होतं. तुला पत्रात सगळं कबूल केलंय, मग आता काय राहिलं, असं मी स्वतःला म्हणायचो.

सातवा बाजार तुझा. वेशीतून आत येताना सटवाजी म्हणला, तुझी बहीण येईल का? म्या म्हणलं, न्हाई येणार. खरं तर तू यावं असं वाटत होतं. तू यावं, लोकांनी आपल्याला एका जागी बघावं, अन् ते म्हणतील ते तू बी ऐकावं, असं मनात होतं. एवढं लिहितो म्हणजे माझं मन कुठं गेलं होतं ते तुला कळंल.

तू आलीस. खाजा मियां तुझ्या बाजूला काठी टेकून उभे होते. म्या सांगायचं ते सांगितलं. लोक पांगले न्हाईत, तुझ्याकडं बघून राहिले. कापडाच्या दुकानातला एक जण म्हणला, अनुसयाबाई, भावानं तुमचं नाव राखलं. दोघं-तिघं हो हो म्हणले.

तवा तू पुढं आलीस. आवाज मोठा केला न्हाईस, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"भुजंगा, अंगठा कुणी धरला होता?"

मला वाटलं, तुला पत्र पोचलंच न्हाई. मग मियांकडं बघितलं अन् कळलं, की शब्द न् शब्द पोचलाय. तू माहिती म्हणून विचारत नव्हतीस.

सटवाजीनं हलगी खाली घेतली होती. ती काखेत धरावी का हातात, त्याला सुचेना.

"म्या," म्या म्हणलं. "तू तापात होतीस. म्या धरला. अन् रंग बी म्याच कालवला."

तू थोडा वेळ माझ्याकडं बघितलंस. कोर्टात बघितलं नव्हतंस, तिथं बघितलंस. मग वळून घराकडं गेलीस. मियां मागं राहिले. ते जवळ येऊन म्हणले, बेटा, पाणी पी. म्या पाणी प्यालो न्हाई, कारण ते ताक आठवलं.

परत येताना सटवाजी एक कोस पुढं पुढं चालत होता. मग म्हणला, बाकीच्या सहा गावांत तर लोक काही वेगळंच समजून बसलेत. म्या म्हणलं, व्हय. त्याला म्हणलं, पुन्हा एकदा येशील का, माझ्यासंगं? तो म्हणला, कोर्टाच्या हुकुमावाचून हलगी वाजवता येत न्हाई. म्या म्हणलं, बराबर हाय.

तुझ्या ओट्यावर बाया पुन्हा यायला लागल्या, असं मियांनी सांगितलं. डबीवरून फोटो काढलास अन् नुसतं नाव ठेवलंस म्हणे. चांगलं केलंस.

उत्तर मागत न्हाई. पुढं पत्र घालायचं का न्हाई ते बी आता तू सांगितल्याशिवाय ठरवणार न्हाई.

त्या सहा गावांत आता हलगीवाचूनच खरं सांगायचं म्हणून जिनाच्या मुकादमाकडून सहा बाजारांची सुट्टी मागून घेतली. त्यानं कशासाठी म्हणून विचारलं, तवा त्याला बी सांगितलं. पहिल्यांदा इथंच, हिंगोलीत, मलिकाच्या दारात जाऊन आलो. तिनं उंबऱ्यात उभं राहून ऐकून घेतलं, डाव्या हातानं दार लावून घेतलं.

उद्या कळमनुरीचा बाजार हाय. पहाटे पायी निघतो.

भुजंग